बेडकाचे दोन जन्म

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून संतसाहित्यावर, महादजी शिंद्यांच्या दिल्लीवर किंवा मराठी भाषेच्या भवितव्यावर बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मानाने फार लहान आहे. तो ओंजळीत मावतो आणि ओंजळ जरा सैल झाली की उडी मारून निघून जातो. बेडूक, त्याची वीण आणि त्याची वाढ, हा आजचा विषय. मात्र विषय लहान असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही. तो प्रश्न शेवटी श्रोत्यांसमोर ठेवायचा आहे.

बेडकाचे जीवनचक्र शिकला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. आठवीच्या विज्ञानात प्राण्यांच्या पुनरुत्पादनाच्या धड्यात ते वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे. वर्तुळात मांडलेल्या चार-पाच आकृत्या आणि त्यांना जोडणारे बाण. प्रथम अंडी, मग भैकेर, मग पाय फुटलेला भैकेर, मग शेपटी उरलेले पिल्लू आणि अखेर पूर्ण वाढ झालेला बेडूक. शेपटी असलेल्या, माशासारख्या पोहणाऱ्या बेडकाच्या पिल्लाला शास्त्रीय ग्रंथांत ‘भैकेर’ म्हणतात. ‘आकृती काढून भागांना नावे द्या’ असा प्रश्न आला की मुले ती आकृती सुबक काढतात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण त्याच मुलांना ‘बेडूक कोणत्या महिन्यात ओरडतो, आणि का?’ असे विचारले, तर वर्गात शांतता पसरते. बाणांच्या त्या वर्तुळात ऋतू नसतो, जागा नसते आणि धोका तर मुळीच नसतो. प्रत्यक्षात बेडकाचे आयुष्य या तीन गोष्टींनीच घडलेले असते.

सभागृहातील ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांची ओळख याहून वेगळी. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे जीवशास्त्र घेतले, त्यांना बेडूक भेटला तो प्रयोगशाळेतील मेणाच्या ट्रेमध्ये, टाचण्यांनी चारही पाय ताणून उताणा ठेवलेला. त्याचे तीन कप्प्यांचे हृदय, यकृत, मूत्रपिंडे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि वहीत रेखाटली. कालांतराने शाळांतील विच्छेदन बंद झाले, आणि २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदनालाही पूर्णविराम दिला. निर्णय योग्यच होता. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आधीच्या पिढीने बेडूक आतून पाहिला, आताची पिढी तो कागदावर पाहते. पाण्याकाठी बसून जिवंत बेडूक पाहणे मात्र दोन्ही पिढ्यांच्या अभ्यासक्रमातून राहून गेले. ती उणीव आज काही अंशी भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ मे महिन्यापासून करू या. दिल्लीत लू वाहत असते, पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असतो, उद्यानांतील माती विटेसारखी कठीण झालेली असते. या दिवसांत बेडूक कुठे असतो? बहुतेक बेडूक जमिनीखाली असतात. ओलावा धरून ठेवणाऱ्या मातीत, दगडांच्या कपारीत, तलावाच्या गाळात शिरून ते ग्रीष्मनिद्रा घेतात. हालचाल नाही, अन्न नाही. त्वचेवाटे होणाऱ्या श्वसनावर आणि शरीरात साठवलेल्या मेदावर ते दिवस काढतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात तेच शीतनिद्रेच्या रूपाने घडते. म्हणजे दिल्लीच्या बेडकाला दोन्हीकडून टोकाचे हवामान सोसावे लागते, आणि संसारासाठी मधले मोजके आठवडेच हाती उरतात.

हवामान खात्याच्या सरासरीनुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला पोहोचतो, तर दिल्लीत २७ जूनला. कोकणातील बेडकाला पावसाची खात्री असते. दिल्लीतील बेडकाला ती नसते. पाऊस उशिरा येतो, मध्येच दडी मारतो आणि सप्टेंबर सरता सरता निघून जातो. म्हणून पहिली दमदार सर कोसळली की त्याच रात्री बेडूक जागा होतो. यमुनेच्या खादरात, ओखल्याच्या पाणथळीत, अरवलीच्या उतारांवरच्या खळग्यांत आणि एखाद्या जुन्या वसाहतीच्या मागील मोकळ्या जागेत साचलेल्या पाण्यात ‘डराव डराव’ सुरू होते.

हे ओरडणे म्हणजे नुसता आनंद नव्हे. ती नराने मादीला घातलेली साद असते. नराच्या घशाखाली ध्वनिकोश असतात. फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रातून त्या कोशांत ढकलली जाते, कोश फुग्यासारखे फुगतात आणि आवाज दूरवर पोहोचतो. प्रत्येक जातीचा स्वर, लय आणि पट्टी निराळी असते. अंधारात, चार जातींच्या गलबल्यातही मादी आपल्या जातीचा आवाज अचूक ओळखते. मोठ्या बुलफ्रॉगचा नर तर या दिवसांत ओळखू येत नाही. एरवी मळकट हिरवा-तपकिरी असणारा हा प्राणी वीण-हंगामात हळदीसारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळे ध्वनिकोश फुगतात. आपल्याच यमुनेकाठी हा सोहळा दरवर्षी होतो, आणि महानगर पावसाळी वाहतूक कोंडीत अडकून त्याला मुकते.

आपल्या पूर्वजांनी तो पाहिला होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त ‘मंडूकसूक्त’ म्हणून प्रसिद्ध आहे. वर्षभर मौन पाळलेले बेडूक पाऊस येताच बोलू लागतात, असे त्यात वर्णिले आहे. कुणाचा आवाज गाईसारखा, कुणाचा बोकडासारखा, कुणी ठिपक्यांचा, कुणी हिरवा, असा भेदही कवीने टिपला आहे. एक बेडूक दुसऱ्याचा शब्द गिरवतो, तो गुरूमागे पाठ म्हणणाऱ्या शिष्यासारखा, ही उपमा तर प्रत्येक शिक्षकाला ओळखीची वाटावी. सूक्ताचा धार्मिक अर्थ पंडितांनी सांगावा. पण ते रचणारा कवी पाण्याकाठी बसून कान देऊन ऐकत होता, एवढे निश्चित. बेडूक आणि पाऊस यांचे हे नाते लोकाचारातही उतरले आहे. पावसाने ओढ दिली की बेडकांचे लग्न लावण्याची प्रथा विदर्भापासून आसामपर्यंत आढळते. २०१९ साली भोपाळमध्ये जुलैत असे लग्न लावले गेले, आणि पाऊस थांबेना म्हणून सप्टेंबरात त्याच जोडप्याचा विधिपूर्वक काडीमोडही करण्यात आला! बेडूक पाऊस आणत नाही, पाऊस बेडकाला बाहेर आणतो. लोकश्रद्धेने कारण आणि कार्य यांची अदलाबदल केली, परंतु दोघांचा संबंध अचूक हेरला.

मादी जवळ आली की नर तिच्या पाठीवर बसून पुढच्या पायांनी तिला घट्ट धरतो. पकड निसटू नये म्हणून या दिवसांत त्याच्या अंगठ्याशी एक खरखरीत गादी तयार होते. कित्येक तास ही जोडी अशीच पाण्यात राहते. मादी अंडी सोडते त्याच वेळी नर त्यांवर शुक्राणू सोडतो. फलन मादीच्या शरीरात न होता पाण्यात होते, म्हणून त्याला बाह्य फलन म्हणतात. अंड्याभोवतीचा चिकट थर पाणी शोषून फुगतो आणि साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक लगदा तयार होतो. हा थर अंड्यांचे रक्षण करतो आणि त्यांच्यात अंतर राखतो. उद्यानांत व गटारांच्या कडेला दिसणारा खरबरीत पाठीचा भेक मात्र अंडी लगद्यात घालत नाही. त्याच्या अंड्यांची लांबच लांब माळ असते. काळे मणी ओवलेली काचेची पोत पाण्यातल्या गवतात गुंतावी, तशी ती दिसते. पुढील पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डोकावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पुंजका दिसला तर बेडूक, माळ दिसली तर भेक.

मोठ्या बेडकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. एवढी कशासाठी? याचे कारण असे, की अंडी घातल्यावर ती निघून जाते. बहुतेक जातींत पिल्लांचे संगोपन नाही. अंडी मासे खातात, कीटक खातात, पाणी आटले तर ती वाळून जातात. जी उबतात त्यांतून बाहेर पडलेल्या भैकेरांना बगळे, पाणसाप आणि चतुरांच्या अळ्या टिपतात. बुलफ्रॉगचे भैकेर तर मांसाहारी असतात आणि इतर भैकेरांनाही खाऊन टाकतात. हजारांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पुढच्या पावसाळ्यात डराव करायला उरतात. पाठ्यपुस्तकातील बाण नेमके हेच सांगत नाहीत. आकृतीत प्रत्येक अंड्याचा बेडूक होतो. डबक्यात बहुतेक अंड्यांचा होत नाही.

दिल्लीच्या कोमट पावसाळी पाण्यात एक-दोन दिवसांतच अंडी उबतात. बाहेर आलेल्या जिवाला धड तोंडही नसते. तो पानाला किंवा गवताला चिकटून राहतो. मग तोंड उघडते, कल्ले कामाला लागतात आणि शेपटी हलू लागते. बहुतेक भैकेर शाकाहारी असतात. दगडावरचे शेवाळ ते शिंगासारख्या कठीण दातांनी खरवडून खातात. वनस्पती पचवण्यासाठी लांब आतडे लागते. ते पोटात घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि पारदर्शक कातडीतून स्पष्ट दिसते. विच्छेदनाशिवाय शरीररचना शिकवणारा असा दुसरा शिक्षक मिळणे कठीण.

यानंतर जे घडते त्याला रूपांतरण म्हणतात. तो केवळ पाय फुटण्याचा प्रकार नाही, तो अक्षरशः दुसरा जन्म आहे. प्रथम मागचे पाय कोंबासारखे बाहेर येतात. पुढचे पाय कल्ल्यांवरील पडद्याआड आधीच वाढत असतात. वेळ आली की ते पडदा भेदून अकस्मात प्रकट होतात. कल्ले जातात, फुप्फुसे कामाला लागतात. हृदयाचे दोन कप्पे होते, त्यांचे तीन होतात. लांब आतडे आखूड होते, कारण यापुढचा आहार कीटकांचा असतो. डोळे वर सरकतात, तोंड रुंदावते, जीभ तयार होते. पाण्यातील जीव शरीरातील टाकाऊ नत्र अमोनियाच्या रूपाने सहज बाहेर टाकतो. जमिनीवर पाण्याची काटकसर करावी लागते, म्हणून आता ते युरियाच्या रूपाने टाकले जाऊ लागते. घर बदलायचे म्हणून भांडीकुंडी, चूल, पाणी, निचरा असे सगळेच नव्याने मांडावे, आणि तेही त्याच घरात राहत असताना, अशी ही उलथापालथ असते.

या काळात त्याला खाता येत नाही. जुने तोंड गेलेले असते, नवे पूर्ण झालेले नसते. मग तो जगतो कशावर? याचे उत्तर फार सुंदर आहे. तो आपल्या शेपटीवर जगतो. बेडकाची शेपटी गळून पडते, असा समज मुलांमध्येच नव्हे तर मोठ्यांमध्येही आढळतो. शेपटी गळत नाही. तिच्यातील पेशी ठरलेल्या वेळी विरघळतात, त्यांतील पोषकद्रव्ये शरीरात शोषली जातात आणि वाढत्या देहाच्या कामी येतात. पोहण्याचे वल्हे हीच प्रवासाची शिदोरी ठरते.

या बदलाची किल्ली कोणाकडे असते, हे १९१२ साली उजेडात आले. गुडरनाच नावाच्या संशोधकाने भैकेरांना अवटू ग्रंथीचे, म्हणजे आपण थायरॉइड म्हणतो त्या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. ते भैकेर वेळेआधीच माशीएवढ्या इवल्या बेडकांत बदलू लागले. पुढील अभ्यासांतून दिसले की ही ग्रंथी काढून टाकली तर भैकेर मोठा होतो, पण बेडूक होत नाही. आज घराघरांत रक्ततपासणीच्या कागदावर ज्या थायरॉइडचे आकडे पाहून काळजी वाटते, तीच ग्रंथी बेडकाला पाण्यातून जमिनीवर आणते.

निसर्गाने यात आणखी एक सोय ठेवली आहे. काही जातींत डबके आटू लागले की भैकेर रूपांतरणाचा वेग वाढवतात. मात्र घाईची किंमत द्यावी लागते. असा बेडूक आकाराने लहान राहतो आणि पुढील आयुष्यात दुबळा ठरू शकतो. वाढीला पुरेसा वेळ न मिळाल्याचे परिणाम शिक्षकांना आणि पालकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर जे सांगितले ते बेडकाचे सर्वसाधारण चरित्र. पण सह्याद्रीत गेले की हे चरित्र शेकडो पाठभेदांनी नटलेले दिसते, आणि त्यांतील काही पाठ वाचले गेले ते दिल्लीच्या प्रयोगशाळेत. दिल्ली विद्यापीठातील डॉ. सत्यभामा दास बिजू यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पश्चिम घाटातील बेडकांचा दीर्घकाळ शोध घेतला. पूर्वी नोंदलेल्या पण पुन्हा न दिसलेल्या जातींचा माग काढण्यासाठी त्यांनी २०१० साली देशव्यापी मोहीमही आरंभली. साताऱ्याच्या कोयना परिसरातील हुंबरळी गावाजवळ या चमूने पावसाळी रात्री ओढ्याकाठी जागून एका लहान बेडकाचा अभ्यास केला. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवलेले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाचे लक्ष वेधले. या बेडकाचा नर मादीला धरतच नाही. तो तिच्या पाठीवर बसतो, हात मात्र पानावर किंवा फांदीवर टेकलेले असतात. पाठीवरच शुक्राणू सोडून तो उतरतो, आणि मादी त्यानंतर अंडी घालते. बेडकांच्या मीलनाची ही पद्धत तोपर्यंत शास्त्राला माहीत नव्हती. या जातीची मादीही आवाज देते, हे दुसरे आश्चर्य. बेडकांत बहुधा नरच ओरडतो.

सिंधुदुर्गातील आंबोलीला पावसाळ्यात जाणाऱ्यांनी धबधब्याकडून नजर जरा वळवली, तर पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसेल. ते उडत्या बेडकाचे घरटे. अंडी फेसात सुरक्षित उबतात आणि भैकेर टपटप खालच्या पाण्यात पडतात. झुडपांतील काही चिमुकले बेडूक भैकेर अवस्था पूर्णपणे वगळतात. त्यांच्या अंड्यांतून थेट इवला बेडूकच बाहेर येतो. आणि आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक भेक आहे, जो २००९ साली स्वतंत्र जात म्हणून ओळखला गेला. पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत, सड्यावरच्या उथळ पाण्यात तो आपली वीण उरकतो. तो एवढ्याच मुलखात आढळतो आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो. पर्यटकांच्या मोटारींखाली पावसाळी रात्री असे जीव चिरडले जातात. पुढच्या सुटीत गावी जाताना आंबोलीचा घाट रात्री लागला, तर गाडीचा वेग कमी करण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

संकट केवळ आंबोलीत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पक्षी किंवा सस्तन प्राणी यांच्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. कारण उघड आहे. ज्याला दोन घरे लागतात, त्याचे एक घर मोडले तरी संसार मोडतो. भारतात एके काळी बेडकांच्या तंगड्यांची निर्यात मोठ्या प्रमाणावर होत असे. शेतातील किडे फस्त करणारा हा मित्र परदेशी ताटांत जातो आणि आपण कीटकनाशके फवारतो, हा उलटा व्यवहार लक्षात आल्यावर १९८७ साली ती निर्यात बंद झाली. बंदीने बेडूक वाचला, पण त्याचे डबके वाचले नाही. दिल्लीच्या जुन्या गावांतील जोहड बुजले, पार्किंगसाठी अंगणे सिमेंटची झाली, पावसाचे पाणी जमिनीवर टेकण्याआधीच नाल्यात जाऊ लागले.

येथे पालकांच्या मनात एक रास्त शंका येईल. साचलेले पाणी राहू द्यायचे, तर डेंग्यूचे काय? या शहरात डेंग्यूने अनेक घरांना हादरे दिले आहेत. ती शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे उत्तर सरसकट ‘सगळे पाणी काढा’ किंवा सरसकट ‘सगळे पाणी राहू द्या’ असे देता येत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने कूलरमध्ये, उघड्या टाकीत, टाकून दिलेल्या टायरांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, म्हणजे माणसाने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तेथे त्याला खाणारे कोणी नसते. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून कूलर दर आठवड्याला रिकामा करून, घासून, कोरडा करणे आवश्यकच आहे. त्या बाबतीत हयगय नको. पण उद्यानातील जिवंत तळे हा निराळा प्रकार. त्यात चतुरांच्या अळ्या असतात, पाणकीटक असतात, भैकेर असतात. भैकेर एडिसची अंडी खातात, हे श्रीलंकेत झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. बेडूक हा डेंग्यूवरचा उपाय आहे, असा दावा मात्र कोणी करू नये. सांगायचे ते इतकेच, की कूलर आणि तळे यांना एकच शिक्षा देणे न्यायाचे नाही. डास मारण्यासाठी तळ्यांत गंबुशिया मासे सोडले जातात. ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकाची अंडी आणि भैकेरही खातात. जेथे बेडकांची वीण होते, तेथे ते सोडण्यापूर्वी विचार व्हावा.

मुलांच्या भीतीविषयीही दोन शब्द. भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून येणारा स्राव डोळ्यांत वा तोंडात गेल्यास मात्र त्रास होतो. म्हणून हात लावू नये, लावल्यास स्वच्छ धुवावा, इतकेच शिकवावे. किळस शिकवू नये. भैकेर बाटलीत भरून घरी आणू नयेत. शाळेत निरीक्षणासाठी काही दिवस चार-दोन ठेवलेच, तर नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवून त्यातील क्लोरीन जाऊ द्यावा, पाय फुटताच बसायला दगड द्यावा, नाहीतर फुप्फुसे आलेला जीव पाण्यातच बुडतो. आणि काम झाले की जेथून आणले तेथेच ते सोडावेत. शक्य असेल त्यांनी मुलांना वजिराबादजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात किंवा गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात पावसाळ्यात न्यावे.

मराठीत संकुचित दृष्टीच्या माणसाला ‘कूपमंडूक’ म्हणतात. जीवशास्त्र पाहता हा बेडकावर अन्याय आहे. जन्मलेले पाणी सोडून अनोळखी जमिनीवर पाऊल टाकणारा, आणि तरीही अंडी घालण्यासाठी पुन्हा पाण्याकडे परतणारा असा हा प्राणी. दोन्ही घरांत वावरतो म्हणून तो उभयचर. या महानगरातील मराठी मूलही असेच उभयचर आहे. घरी आणि शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, पुढे महाविद्यालयात व नोकरीत इंग्रजी. जमिनीवर यायचे तर शेपटी टाकून द्यावी लागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भैकेराची साक्ष निराळी आहे. शेपटी टाकून दिली जात नाही, ती अंगी लागते आणि पायांत बळ होऊन उतरते. गेली साठ वर्षे या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी देशोदेशी उभे आहेत. त्यांच्या पायांतील बळ कोठून आले, हे त्यांनीच सांगावे.

आता तो प्रश्न. साठ वर्षांचे निकाल, हजेरीपट आणि क्रीडास्पर्धांची पदके शाळेच्या दप्तरी नीट जपलेली आहेत. परंतु या साठ पावसाळ्यांत परिसरात पहिला डराव कोणत्या तारखेला ऐकू आला, याची एकही नोंद नाही. ती असती, तर पाऊस किती सरकला, कोणते तळे केव्हा मुके झाले, कोणता आवाज कोणत्या वर्षानंतर आलाच नाही, हे आज सांगता आले असते. गेलेली साठ वर्षे परत आणता येणार नाहीत. पण पुढील साठ वर्षांची वही आज उघडता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही, लागतो तो कान. पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, द्वारका, पहाडगंज, करोल बाग, जेथे जेथे विद्यार्थी राहतो, तेथे त्याने दहा मिनिटे खिडकी उघडून ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी तारीख, ठिकाण व आवाज वहीत लिहावा. आवाज आला नाही, तर ‘आला नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांहून, परदेशांतूनही नोंदी पाठवाव्यात. पालकांनी त्या रात्री मुलांना झोपण्याची घाई करू नये.

पंधरा वर्षांनी अमृतमहोत्सव येईल. त्या समारंभात कोणी व्याख्याता ही वही उघडून पंधरा पावसाळ्यांच्या तारखा वाचून दाखवू शकला, आणि शेवटच्या ओळीतही बेडूक बोलत असला, तर आजचा हा हीरक महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.